दान कोणाच्या ताटातले?

येवल्यास दात्यांची वाण कधी पडली नाही. पैठणीच्या व रेशमाच्या पेढीवर काय, धान्याच्या व कांद्याच्या अडतीवर काय, चोपडीत धर्मादायाचे खाते घालण्याची चाल व्यापारी वर्गात फार जुनी आहे. कोटमगावच्या जगदंबेचा नवरात्रोत्सव असो, उन्हाळ्यातील पाणपोई असो, की एखाद्या होतकरू मुलाच्या शिक्षणाचा खर्च असो, मागावयास आलेला मनुष्य पेढीवरून अगदी रिक्त हस्ते परत जातो असे सहसा होत नाही. ही गोष्ट भूषणाची आहे आणि ती तशी मानण्यात आम्ही कोणाच्या मागे नाही. परंतु दान किती झाले, हा आमचा आजचा प्रश्न नसून ते कोणाच्या ताटातून निघाले, हा आहे. त्यालाच जोडून दुसरा प्रश्न येतो. गृहस्थ चार दिवस संसाराची दगदग बाजूस सारून चित्तशुद्धीसाठी यात्रेस, मठात, शिबिरात किंवा डोंगरावरील एकांतात जातो. त्या चार दिवसांचे त्याचे ओझे मागे कोण वाहते?

या प्रश्नांच्या विचारास आम्ही मुद्दाम एका ख्रिस्ती कुटुंबाचे उदाहरण घेत आहो. ते कुटुंब म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे. लक्ष्मीबाई आपल्याच जिल्ह्याच्या कन्या. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. आपल्या संसाराचा बरावाईट जमाखर्च त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात जितक्या निर्भीडपणे, आणि तरीही हसतमुखाने, मांडला आहे, तितका आमच्या भाषेत क्वचितच कोणी मांडला असेल. परधर्मीयांच्या स्वयंपाकघरात डोकावून आम्हांस काय लाभ, असे कोणी विचारील. त्यांस आम्ही इतकेच स्मरण देतो की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात केली. धर्माची परीक्षा त्याच्या ग्रंथांवरून होत नाही, तो आपल्याच घरातील माणसांस कसे वागवितो यावरून होते, हा धडा या गावाने त्या दिवशी ऐकला आहे. तीच कसोटी आज आम्ही दानधर्मास लावू इच्छितो.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी पत्नीची संमती त्यांनी घेतली नव्हती, आणि त्या एका निश्चयाने पतिपत्नींची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे कायम होते व त्यांची चूल वेगळी होती. येथे टिळकांच्या स्वभावातील थोरपणा दिसून येतो. त्यांनी पत्नीवर आपला धर्म लादला नाही. तिच्या विचाराची वाट पाहिली. जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने आपल्या आपण घेतले, आणि १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. पंचवीस वर्षे एका छपराखाली राहूनही ज्या घरांत पत्नीचे मत कोणी विचारलेले नसते, त्या घरांनी या धीरापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

परंतु ज्या गृहस्थाने पत्नीच्या धर्माच्या बाबतीत एवढा धीर धरला, त्याने पैशाच्या बाबतीत तो धरला नाही. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा झालाच. वाटेत अनाथ मूल भेटले की त्याला घर मिळालेच. त्यांचे अंतःकरण निर्मळ होते, त्यांच्या दानात कीर्तीचा लोभ नव्हता, हे त्यांचा शत्रूही कबूल करील. पण घरी आणलेल्या पोरक्या पोराला न्हाऊमाखू घालणारे, त्याच्या तोंडात घास देणारे, आजारात त्याच्या उशाशी बसणारे हात कवींचे नव्हते, लक्ष्मीबाईंचे होते. टिळक देत आणि देण्याचे श्रम लक्ष्मीबाई करीत. या घराने जगास जे दिले त्यातील निम्म्याहून अधिक दान, न्यायाने पाहू गेल्यास, लक्ष्मीबाईंच्या नावे जमा करावयास हवे.

एकांताविषयीही तेच. मनाची लहर लागली की टिळक घरात फारसे न सांगता निघून जात. मागे राहिलेल्या माणसांनी वाटेकडे डोळे लावून बसावे. १९१७ साली तर त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वच ख्रिस्तभक्तांची बिरादरी उभारण्याचा उद्योग आरंभिला. परदेशी मिशनच्या वेतनाचा आधार सोडून या भूमीतील भक्तिमार्गाने ख्रिस्ताकडे जावे, हा त्यामागील विचार उदात्त होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले; त्या कार्यास जेमतेम दोन वर्षेच मिळाली. त्या विचाराची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पगार सोडणारा हात एकाचा असला, तरी त्या पगारावर शिजणारा भात अनेकांचा असतो. संन्यास एकट्याने घेता येतो, संसार मात्र एकट्याने सोडता येत नाही; कारण तो एकट्याने मांडलेलाच नसतो.

आणि नवल असे की, टिळकांनी ज्या गुरूचे शिष्यत्व पत्करले, त्याचे या विषयावरील म्हणणे अगदी स्पष्ट आहे. मार्काच्या शुभवर्तमानात पुढील अर्थाचा प्रसंग आहे. आईबापांच्या पोषणास लागणारे धन ‘हे देवास अर्पण केले आहे’ असे म्हणून त्यांच्यापासून तोडणाऱ्या धर्मपंडितांस येशूने कठोर शब्दांत दोषी ठरविले. देवाच्या नावाने घरच्यांचा घास काढणे म्हणजे देवाचीच आज्ञा मोडणे होय, असा त्याचा भावार्थ. त्याच ग्रंथात दुसरा प्रसंग आहे. दमून भागून आलेल्या शिष्यांस येशू सांगतो की, एकीकडे निर्जन स्थळी चला आणि थोडा विसावा घ्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तो सर्वांसच बरोबर नेतो, काहींस मागे कामास जुंपून जात नाही. आणि तेथे भुकेला समुदाय पाठोपाठ येतो तेव्हा त्याला जेवू घालण्याचे कामही त्या शिष्यांकडूनच करवून घेतो. विसावा आणि सेवा यांची जोडी अशी आहे.

यावर दोन आक्षेप येतील. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये, असेही त्याच धर्मात सांगितले आहे. मग घरात विचारून दान करावे हे कसे? आमचे उत्तर असे की, तो उपदेश चव्हाट्यावर कर्णा वाजवून दान करणाऱ्यांस आहे. शेजाऱ्यापासून दान लपविणे हा विनय होय. पण ज्या पत्नीने ते दान भरून काढण्यासाठी डाळीत पाणी वाढवावयाचे आहे, तिच्यापासून ते लपविणे हा विनय नव्हे. दुसरा आक्षेप असा की, घरात विचारू लागल्यास दान होणारच नाही, बायका हात आखडतात. हा आक्षेप बहुधा ज्यांनी कधी विचारून पाहिले नाही तेच घेतात. ज्या लक्ष्मीबाईंनी पोरक्या मुलांस आपल्या मुलांच्या पंक्तीस बसविले, त्यांस कृपण कोण म्हणेल? दुःख देण्याचे नसते. न विचारता आपल्या हातून दिले जाण्याचे असते.

ही गोष्ट दुसऱ्या एका थोर ख्रिस्ती बाईने बालपणीच पुरती ओळखली होती. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व श्रद्धाळू गृहस्थ. तीर्थयात्रा, ब्राह्मणभोजने व दानदक्षिणा यांत त्यांनी आपली सर्व पुंजी खर्चिली. आणि १८७० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा त्या कुटुंबाजवळ ना पैसा उरला होता, ना पोट भरण्यास लागणारे हातांचे काही कसब. वडील, आई व वडील बहीण एकामागून एक गेली. रमाबाई व त्यांचे बंधू तेवढे उरले. पुण्याच्या आशेने केलेला खर्च पोरांच्या उपासमारीपर्यंत कसा पोहोचतो, हे ज्या मुलीने डोळ्यांनी पाहिले, तिने पुढे स्वतः दानाचा कारभार हाती घेतला तेव्हा तो निराळ्या रीतीने चालविला. १८८९ साली मुंबईस स्थापिलेले शारदासदन अमेरिकेतील देणगीदारांच्या मदतीवर चालत होते, आणि त्या मदतीची हमी दहा वर्षांचीच होती. तेव्हा मुदत संपण्याची वाट न पाहता रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली, विहीर व फळबाग केली. आणि पुढे तेथील ‘मुक्ती’ संस्थेत विणकाम, छापखाना, तेलाचा घाणा अशी कामे मुलींच्याच हाती दिली. आश्रयास आलेल्या मुलीला नुसता घास न देता घास मिळविण्याचे कसब दिले.

रमाबाईंच्या एकांताचीही तऱ्हा पाहावी. लोणावळ्यास उन्हाळ्यात ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामेळावे भरत. १८९६-९७ च्या दुष्काळापूर्वी अशा एका मेळाव्यास रमाबाई गेल्या त्या एकट्या गेल्या नाहीत. ख्रिस्तावर श्रद्धा बसलेल्या आपल्या पंधरा मुलींस त्यांनी बरोबर नेले. पंधरांच्या पंधरपट, म्हणजे २२५ मुली आपल्या पदरी याव्यात, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली. लवकरच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. प्रार्थनेच्या फळाविषयी ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावे. आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. ज्या एकांतातून मनुष्य परत येतो तो अधिक जबाबदारी उचलण्यास येतो, आणि ज्या एकांतात घरची दुबळी माणसेही बरोबर असतात, तोच एकांत खरा. बाकीचा पळ होय.

आता आपल्या गावाकडे वळू. पैठणीचा धंदा हा मुळात घरचा धंदा. मागावर बसणाऱ्याचे नाव होते. पण रेशीम उकलणारे व कांड्या भरणारे हात पुष्कळदा त्याच घरातील बायकामुलांचे असतात, आणि त्या श्रमांचा निराळा हिशेब कोणी मांडत नाही. या घरातील पुरुष सप्ताहास गेला की माग थांबतो. बाई गेली तर चूल, पाणी, आजारी सासू व रांगते मूल हे सारेच थांबते, म्हणून ती जात नाही. पेढीवरील स्थिती याहून फार वेगळी नाही. शेठजी देणगीची पावती फाडून घेतात त्याच आठवड्यात विणकराची मजुरी ‘पुढच्या बाजारी देऊ’ म्हणून राहिलेली असते. मग ती देणगी शेठजींनी दिली की विणकराच्या मुलांनी?

संस्थांनी हिशेब ठेवावा म्हणून १९५० साली मुंबई सरकारने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला, आणि त्या कायद्याप्रमाणे दान घेणाऱ्यास आजही हिशेब द्यावा लागतो. दान देणाऱ्याच्या घरास मात्र कोणताही कायदा प्रश्न विचारीत नाही, व विचारू नये हेच बरे. तो प्रश्न घराने घरास विचारावयाचा आहे. त्यासाठी आम्ही वाचकांपुढे तीन सूचना ठेवितो.

पहिली, पेढीच्या चोपडीत जसे धर्मादायाचे खाते असते तसे घराच्या वहीतही असावे, आणि महिन्यातून एकदा ते पत्नी व जाणती मुले यांच्यासमोर वाचावे. मोठी रक्कम त्यांच्या विचाराशिवाय देऊ नये. दुसरी, राहिलेली मजुरी व उसनवारीचे देणे फिटल्यावाचून कोणत्याही देवळास, मशिदीस, चर्चला किंवा संस्थेस देणगी देऊ नये. जे दुसऱ्याचे आहे ते दान करण्याचा आपणांस अधिकार नाही. तिसरी, घरातील प्रत्येक प्रौढ माणसास, आणि विशेषतः गृहिणीस, वर्षातून चार दिवस मोकळे मिळावेत. ते तिने भजनात घालवावेत, माहेरी घालवावेत, चर्चच्या प्रार्थनाशिबिरात घालवावेत की नुसती झोप काढण्यात, हे तिचे तिने ठरवावे. आणि ते चार दिवस चूल पुरुषांनी सांभाळावी. सप्ताह व शिबिरे भरविणाऱ्या मंडळींनीही लहान मुले सांभाळण्याची व्यवस्था केल्यास अर्धे काम होईल.

यात परंपरेवर घाला घालण्यासारखे काही नाही. उलट दानाची व साधनेची जी परंपरा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, तिचा भार आजवर कोणाच्या खांद्यांवर होता हे पाहून तो वाटून घ्यावयाचा, इतकेच. दिवाळीस नव्या चोपड्यांची पूजा होईल तेव्हा घरातील लक्ष्मीलाही त्या चोपडीपाशी बोलावून बसवावे व धर्मादायाची पहिली ओळ तिच्या विचाराने लिहावी. तिच्या संमतीने निघालेला एक रुपया तिच्या नकळत गेलेल्या शंभरांहून देवाच्या दारी अधिक मोलाचा ठरेल, अशी आमची खात्री आहे.