भिंतीच्या आतील पाठ

२०२० साली, करोनाच्या काळात, सोलापूरच्या नीलमनगर भागात एक आगळे दृश्य दिसत होते. शाळा बंद होत्या. बहुतेक घरांत स्मार्टफोन नव्हता आणि जेथे होता तेथे तो कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात असे. तेव्हा आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी परिसरातील सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंतींवर निरनिराळ्या इयत्तांचे पाठ रंगवून घेतले. वस्त्रोद्योगात राबणाऱ्या कुटुंबांतील मुले गल्लीत अंतर राखून उभी राहत आणि भिंती वाचून शिकत. या शिक्षकांच्या कल्पकतेला आणि तळमळीला दाद दिली पाहिजे. परंतु शाळा घराच्या भिंतीपर्यंत आली असताना त्या भिंतीच्या आत काय शिकले जात होते, याकडे कोणाचे लक्ष गेले?

पुण्या-मुंबईतील काही सुशिक्षित पालक अलीकडे मुलांना शाळेत न घालता घरीच वाढवतात. ‘होमस्कूलिंग’ या नावाने ही कल्पना आपल्याकडे आली. २०१६ साली मुंबईतील अशीच एक मुलगी, बारावीची गुणपत्रिका हाती नसताना, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटीत दाखल झाली. वृत्तपत्रांनी त्या पदकांचे मनसोक्त कौतुक केले. मात्र त्यामुळे गृहशिक्षण म्हणजे स्पर्धा जिंकण्याचा आडमार्ग, असा समज होण्याचा धोका आहे. अशा प्रयोगातील अनेक पालक पहिल्या उत्साहात घरातच शाळा थाटतात. भिंतीवर वेळापत्रक लागते, आई बाई होते, स्वयंपाकघरात फळा येतो. काही महिन्यांत दोघेही थकतात. मग फळा बाजूला पडतो आणि मूल घरातील कामांत वावरू लागते. खरे शिक्षण बहुधा तेथूनच सुरू होते.

त्यात नवे काहीच नाही. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटली जात असते, तेव्हा दाण्यांना लसूण किती, तिखट किती, मीठ केव्हा, याचे प्रमाण मूल हाताने शिकते. दाण्याला तेल सुटेपर्यंत थांबायचे असते हेही शिकते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाणी घालून ते मळावे लागते. पीठ जुने असेल तर भाकरी थापताना कडा चिरतात. त्या चिरा पाहून आजी पिठाचे वय सांगते. ही परीक्षणशक्ती कोणत्या विषयाच्या रकान्यात बसवायची?

सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरांत तर ही परंपरा कित्येक पिढ्यांची. पूर्वी हातमाग घरातच असे. आजी कांडी भरी, वडील धोटा फेकीत, सुताचा एक धागा तुटला तर कापडात काय घडते ते मुलाला कोणी सांगावे लागत नसे. सोलापुरी चादरीवरील नक्षी जेकार्डच्या छिद्रांकित पुठ्ठ्यांवरून उतरते. छिद्र असले तर धागा उचलला जातो, नसले तर नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच शब्दांत चित्र सांगण्याची ही युक्ती पुढे संगणकाने उचलली. आणि भाषा? याच मुलाच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड, बाजारात हिंदी. मुलाला मातृभाषेतून शिकू द्यावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचविले. सोलापूरच्या मुलाने मातृभाषेसह चार भाषा पाठ्यपुस्तकाविना केव्हाच आपल्याशा केलेल्या असतात.

येथील ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमातून तलाव खोदविला, आणि बसवेश्वरांच्या वास्तव्याने पावन झालेले मंगळवेढे याच जिल्ह्यात आहे. काम हीच उपासना, हा त्या परंपरेचा गाभा. संक्रांतीच्या यात्रेत उंच नंदीध्वज तोलून धरणाऱ्यांनी ही कला कोणत्या वर्गात शिकलेली नसते. ती वडीलधाऱ्यांच्या मागे चालत, पडत-सावरत साधते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्यापैकी अनेकजण मेकॉलेच्या नावाने खडे फोडतात आणि गृहशिक्षण म्हटले की लगेच गुरुकुलाचे गोडवे गातात. परंतु गुरुकुलात जाणारा बटू घर सोडून जात असे. शिवाय घर नेहमीच ज्ञानाच्या बाजूने उभे राहिले, असेही नाही. १८७३ मध्ये विवाह झाल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना घरीच शिकवायला घेतले. त्यासाठी घरातीलच स्त्रियांचा रोष त्यांना किती सोसावा लागला, हे त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये लिहून ठेवले आहे. असंख्य मुलींसाठी ज्ञानाचे दार शाळेनेच उघडले. ते बंद करण्यास आपली परंपरा हे निमित्त होता कामा नये.

सोलापुरात हा इशारा अधिकच गंभीर ठरतो, कारण येथे हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. आईचा हिशेब पुरा व्हावा म्हणून मुलगी शेजारी पाने कापू लागली, तर त्याला कौटुंबिक शिक्षण म्हणता येणार नाही. भाकरी थापणाऱ्या मुलीच्या चुकीला घरात जागा असते, विड्यांच्या हिशेबात नसते. २०१६ च्या दुरुस्तीने बालकामगार कायदा मुलांना शाळेच्या वेळेबाहेर, धोका नसलेल्या घरच्या कामात मदत करू देतो. या सवलतीचा अर्थ मालक आपल्या सोयीने लावणार नाहीत, याची दक्षता समाजानेच घ्यायची आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. दंडाची तरतूद नसली, तरी या कर्तव्यामुळेच गरीब घरातील मूल शाळेच्या पटावर राहते. गृहशिक्षण निवडणाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे. चौदाव्या वर्षानंतर तेथून दहावीची परीक्षा देता येते. ती वाट थोड्यांचीच राहील, आणि तसेच असावे.

मग उरलेल्यांनी काय करायचे? संघशताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनांत कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन करावे, बोलावे, ही त्यातील साधी सूचना. तिच्यात मुलांना कामाचा वाटाही द्यावा, असे वाटते. बारा तासांची पाळी करून परतलेल्या बापाकडून आणि दिवसभर विड्या वळून पाठ धरलेल्या आईकडून याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्यांच्या मुलांसाठी सकाळी शाळा उघडणे आणि शिक्षक वर्गात असणे हीच पहिली गरज.

परंतु ज्या घरांत दोन्ही वेळची स्वस्थता आहे, जेथे भाकरी विकत येते, चटणी पाकिटातून निघते आणि मूल एका शिकवणीतून दुसऱ्या शिकवणीत पोहोचविले जाते, तेथे वेळ नसल्याची सबब कितपत खरी? अशा घरातील दहा वर्षांच्या मुलाला आजोबांचे मूळ गाव आणि त्यांचा व्यवसाय सहज विचारून पाहावा.