मंडळ स्टुडिओत जाण्याआधी

आपल्या भजनी मंडळाचे अभंग एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायचे, असं तुम्ही ठरवलंय. वर्गणी निघाली. शहरातला स्टुडिओ कोणीतरी बघून आलं. आता गाडी कोणाची, कपडे कोणते, याची बोलणी सुरू असतील. ती होतीलच. त्याआधी थोडं माझं ऐका.

मी बरीच वर्षं मंडळात पेटी वाजवतो. आम्ही पहिल्यांदा स्टुडिओत गेलो, ते दिवसभरात आठ अभंग करायचे म्हणून. संध्याकाळी तीन घेऊन परतलो. पैसे पूर्ण दिवसाचे गेले. स्टुडिओवाल्याची त्यात काही चूक नव्हती. आमची तयारी देवळातल्या भजनाची होती, माईकपुढच्या गाण्याची नव्हती.

देवळात टाळांच्या गजरात पुष्कळ काही झाकलं जातं. एक जण ‘विठ्ठल’ म्हणतो, दुसरा ‘विठल’. कोणी धृपद दोनदा घेतं, कोणी तीनदा. भजन पुढे जातं, कोणाचं काही बिघडत नाही. माईक मात्र सगळं ऐकतो, आणि एकदा रेकॉर्ड झालं की ते तसंच राहतं.

म्हणून पहिलं काम घरचंच. पुढच्या भजनाला मोबाइल एका कोनाड्यात ठेवा आणि सगळं रेकॉर्ड करा. ते त्याच रात्री ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून ऐका. कोण कुठे पुढे धावतो, कोणाचा सूर शेवटी उतरतो, हे ज्याचं त्याला कळतं. सांगावं लागत नाही, त्यामुळे कोणी दुखावतही नाही.

मग अभंग निवडा. पहिल्या खेपेला दिवसाला तीन पुरे. प्रत्येकाला घड्याळ लावून बघा. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान रेकॉर्डिंगला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनाही आपलं गाणं तेवढ्यात बसवावं लागलं. तुम्हाला तशी सक्ती नाही. पण अभंग सात मिनिटांचा की बारा, धृपद किती वेळा, गजर कुठे आणि शेवट कोणाच्या खुणेवर, हे घरीच ठरलं पाहिजे. स्टुडिओत ठरवायला बसलात तर तेवढा वेळ तुमच्या वर्गणीतून जातो.

ठरलेलं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. शब्द एकाच गाथेतून घ्या, म्हणजे पाठभेदावरून तिथे वाद होणार नाही. एक अभंग एका पानावर मावू द्या. पान उलटल्याचा आवाजही माईक टिपतो. ज्येष्ठांना चष्मा बरोबर घ्यायची आठवण करा.

आता वाद्यांचं.

पेटी पंधरा दिवस आधी दाखवून घ्या. भात्याची कुरकुर, पट्ट्यांची खडखड, एखादा थरथरणारा सूर, हे देवळात ऐकू येत नाही. स्टुडिओत आधी तेच ऐकू येतं. पेटीचा सूर स्टुडिओत बदलता येत नाही. बासरी किंवा कीबोर्ड नंतर भरायचा असेल, तर त्या वादकाला तुमच्या पेटीचा सूर आधी ऐकवा. नुसतं ‘काळी एक’ सांगून भागत नाही. दोन पेट्यांची काळी एक थोडी वेगळी असू शकते.

पखवाजाची काळजी सगळ्यांत जास्त घ्या. चामडं हवेप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात ते सैल पडतं, स्टुडिओच्या थंड, कोरड्या हवेत ताणलं जातं. गाडीतून उतरल्या उतरल्या सुरात लावलेला पखवाज अर्ध्या तासात चढतो. म्हणून पोचल्यावर वाद्य खोलीत ठेवा, चहा घ्या आणि मगच लावा. धुमेची कणीक घरून लावून नेऊ नका. ओलसर फडक्यात गुंडाळून डब्यातून न्या आणि तिथे लावा. थोडी जास्तच न्या, कारण दुपारपर्यंत ती सुकते. हातोडी विसरू नका.

टाळकरी मंडळींना एक गोष्ट आधीच समजावून सांगा. टाळाचा आवाज इतका धारदार असतो, की तो गाणाऱ्याच्या माईकमध्ये शिरतो आणि मग वेगळा काढता येत नाही. म्हणून टाळ बहुतेक ठिकाणी नंतर, स्वतंत्र घेतात. टाळकऱ्यांना दोन तास बाहेर बसावं लागेल. हे माहीत नसलं तर त्यांना डावलल्यासारखं वाटतं. आमच्याकडे यावरून अबोला झाला होता. तो चार महिने टिकला.

लयीबद्दलही रेकॉर्डिस्टशी तारखेआधीच बोला. तो तुमच्या कानात ठोक्याची टिकटिक देईल, म्हणजे लय एकसारखी राहते आणि तुकडे जोडता येतात. पण भजनाची लय चढते, हा काही दोष नाही. ती चढलीच पाहिजे. माझं मत विचाराल तर बुवा, पेटी आणि पखवाज एकत्र बसवा, टिकटिक नको म्हणा. कोरस आणि टाळ नंतर भरा. चुकलं तर पूर्ण अभंग पुन्हा गावा लागेल, त्याची तयारी ठेवा.

हेडफोन लावून गायची सवयही घरीच करा. मोबाइलवर तानपुरा लावा, इयरफोन एकाच कानात घाला आणि गा. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज परका वाटतो आणि सूर सुटतो. माईकपासून वीतभर लांब राहा. ‘पांडुरंग’मधल्या ‘पां’चा आणि ‘भक्त’मधल्या ‘भ’चा वारा थेट माईकवर गेला, तर धप्प असा आवाज येतो. तोंड किंचित बाजूला ठेवलं की तो टळतो.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची तारीख घेऊ नका. जागराने बसलेले घसे आणि उपाशी पोटं घेऊन कोणी चांगलं गात नाही. बायकांनी बांगड्या आणि सळसळणारी रेशमी साडी टाळावी, सुती नेसावी. किल्ल्या आणि मोबाइल बाहेरच ठेवा. जेवण हलकं ठेवा. रेकॉर्डिस्टशी बोलणारा माणूस मात्र एकच असू द्या. पाच जण पाच सूचना देऊ लागले की तोही गोंधळतो.

पैशांचं आधी लिहून घ्या. दर ताशी आहे की दिवसाचा, माईक लावण्याचा वेळ त्यात धरलाय का, मिक्सिंग वेगळं आहे का, दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील, हे विचारा. विचारण्यात संकोच नको. चांगला स्टुडिओवाला नीट उत्तर देतो. प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा वेगळा ट्रॅकही मागून घ्या. एक प्रत मंडळाकडे आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवा. कोणी ‘आम्हीच इंटरनेटवर टाकतो’ म्हणत सहीला कागद पुढे केला, तर तो घरी आणून वाचा. घाईत सही करू नका.

चालीकडेही लक्ष द्या. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. चाल मात्र कोणाची तरी असते. संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तिच्यावर हक्क राहतो. ‘अभंग तुकयाचे’ या ध्वनिमुद्रिकेतल्या चाली श्रीनिवास खळे यांच्या. ते २०११ साली गेले, म्हणजे हा हक्क २०७१ सालच्या अखेरपर्यंत आहे. अशी चाल परवानगीशिवाय रेकॉर्ड करून विकायला किंवा इंटरनेटवर टाकायला जाऊ नका. पुढे तक्रार येते आणि मेहनत वाया जाते.

तसं तर त्या चाली रेकॉर्ड झालेल्याच आहेत, उत्तम झालेल्या आहेत. तुमच्या गावच्या जुन्या बुवांनी बसवलेली चाल, तीन पिढ्या तोंडातोंडी आलेली, ती कुठेच नाही. ती घ्या. ज्यांनी ती बसवली त्यांचं नाव बरोबर लिहा, आणि त्यांच्या घरच्यांना आधी विचारा.

मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर गाणाऱ्याचा अभंग सकाळी पहिला घ्या. त्या वेळी आवाज ताजा असतो. त्यांना बसायला खुर्ची आणि प्यायला कोमट पाणी द्या, आणि घाई करू नका. बाकीचे अभंग राहिले तर पुढच्या वर्षी होतील. हा मात्र याच वर्षी करा.