विश्लेषण : नाव नाशिकचं, खाण कुणाची?

त्र्यंबकेश्वरच्या शिवमंदिरातला म्हणून सांगितला जाणारा ‘नासक’ हिरा परत आणा, अशी मागणी अधूनमधून होते. मागणी रास्तच आहे. पण नाशिकला हिऱ्याची खाण कधी नव्हतीच. हिरा आला गोवळकोंड्याकडच्या खाणींतून. तिथे तो कोणी खणला, त्याला किती मजुरी मिळाली, कुणालाच ठाऊक नाही. पक्क्या नोंदी सुरू होतात त्या लुटीनंतर.

हिरा विलायतेत कसा गेला?

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला. ‘डेक्कन प्राइझ मनी’, म्हणजे युद्धातल्या लुटीची रीतसर वाटणी, या नावाखाली तो लंडनच्या बाजारात पोहोचला. रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याला नव्याने पैलू पाडले. सुमारे 90 कॅरटचा हिरा 80 कॅरटवर आला. पुढे लिलाव झाला. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला आणि 43.38 कॅरट उरले. आज परत मिळालाच, तरी निम्माच मिळेल! मात्र लुटीनंतर तो विकला गेला तो उजळ माथ्याने.

आता तर प्रमाणपत्र लागतं ना?

लागतं. 2003 पासून कच्चा हिरा देशाबाहेर पाठवायचा तर ‘किंबर्ली प्रोसेस’चं प्रमाणपत्र हवं. पण त्याची व्याख्या फार तोकडी आहे. बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या लढाईसाठी विकलेला हिरा तेवढा ‘रक्तरंजित’. सरकारी फौजेनेच अत्याचार केले तर? झिम्बाब्वेत मारांगेच्या खाणपट्ट्यात 2008 मध्ये लष्कराने खाणकामगारांना ठार मारलं. तरीही 2011 मध्ये तिथल्या हिऱ्यांच्या निर्यातीला किंबर्लीने मोकळीक दिली. ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था त्यावरूनच बाहेर पडली. नासक हिराही सरकारी फौजेनेच नेला होता. या व्याख्येत तोसुद्धा बसत नाही.

दुसरी पळवाट पैलूंची. प्रमाणपत्र फक्त कच्च्या मालाला. सुरतेत घासला गेला की खाणीचा माग संपला. नाशिकच्या सराफ बाजारात अंगठीसोबत मिळणाऱ्या कागदावर वजन, रंग, शुद्धता, पैलू असं सगळं असतं. खाणीचं नाव सहसा नसतं.

माग काढता येतच नाही का?

व्यापारी तसं सांगतात. वेगवेगळ्या खाणींचा माल एकत्र होतो, ही अडचण खरीच. पण रशियाचा पैसा अडवायचा ठरल्यावर जी-7 देशांनी मार्च 2024 पासून, तिसऱ्या देशात पैलू पाडलेल्या एक कॅरट व त्यावरच्या रशियन हिऱ्यांनाही दार बंद केलं. राजकारणासाठी खाण शोधायला लावता येते, तर खाणीतल्या माणसासाठी का नाही? जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात. खाणीचं नाव कागदावर हवं असा आग्रह आपण धरला, तर टाळणं कुणालाही जड जाईल.

2019 मध्ये किंबर्लीचं अध्यक्षपद भारताकडेच होतं. व्याख्या रुंद करण्याचा विषय त्या वर्षी नवी दिल्लीच्या बैठकीत आला आणि एकमत न झाल्याने तिथेच राहिला.