परदेशातील विवाहासाठी लागणारे दाखले परभणीतच मिळावेत: मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, परभणी

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: सामान्य प्रशासन विभाग, मंत्रालय, मुंबई, नोंदणी महानिरीक्षक, पुणे, परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: वैवाहिक स्थितीचा चौकशीअंती दिलेला दाखला व त्यासंबंधीची कागदपत्रे जिल्ह्यातच, ठरलेल्या मुदतीत मिळण्याबाबत

महोदय,

सेलू-जिंतूरपासून पालम-सोनपेठपर्यंत आपल्या नऊही तालुक्यांतली मुले-मुली आज परदेशी जात आहेत. कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन कोणी पुढच्या संशोधनासाठी जर्मनी-अमेरिकेत जाते, कोणी पुण्यातल्या कंपनीमार्फत इंग्लंडला, कोणी वाहनचालक किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून दुबई-दोह्याला. त्यांतल्या काहींची लग्ने तिकडेच जुळतात. सुटी थोडी असते, व्हिसाला मुदत असते, म्हणून लग्न तिथल्याच नोंदणी कार्यालयात लावायचे ठरते. मग तिथला अधिकारी विचारतो, तुमचे आधी लग्न झालेले नाही, असे तुमच्या देशातले कोणते कार्यालय लिहून देते?

या प्रश्नाला आपल्याकडे सरळ उत्तर नाही. आमच्या बहुतेक मागण्या याच एका उणिवेतून आल्या आहेत.

महाराष्ट्रात विवाहाची नोंद १९९८ च्या विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली होते. गावात ती ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. नोंदणी पद्धतीने म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केले, तर ती नोंद विवाह अधिकाऱ्याकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. नोंदी वाढल्या, पण त्या गावोगावच्या वह्यांत विखुरलेल्या राहिल्या. एखाद्याचे नाव घालून जिल्हाभरच्या नोंदी एकदम शोधता येतील अशी सूची नागरिकाच्या हाती नाही. मग अमुक व्यक्तीच्या विवाहाची नोंद आढळत नाही, हे तरी कोणी कशाच्या आधारावर लिहून द्यायचे?

म्हणून माणसे शपथपत्र करतात. शपथपत्र म्हणजे ज्याचे त्याने स्वतःबद्दल लिहून दिलेले. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवतो, मजकुराची चौकशी करत नाही. काही देशांत एवढ्यावर भागते. जर्मनीत भागत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाने आपल्या देशाचे विवाहक्षमतेचे प्रमाणपत्र आणायचे असते. भारत ते देत नाही, त्यामुळे आपल्या मुलामुलींना तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाकडून सूट मागावी लागते. त्यासाठी जन्मदाखल्यापासून सगळे कागद इथे पडताळले जातात, वकिलातीने नेमलेली माणसे येऊन चौकशी करतात आणि त्यात महिने जातात. या खटाटोपाला कंटाळून जर्मनीतली किती तरी जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न करतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुटेनबर्ग या जर्मन राज्याशी करार करून १०,००० कुशल तरुण तिकडे पाठवण्याचे ठरवले. जे शासन आमच्या मुलांना जर्मनीत नोकरीला पाठवते, त्याने त्यांच्या संसाराच्या कागदांचाही विचार करावा, ही आमची अपेक्षा रास्त आहे.

पहिली आणि मुख्य मागणी अशी की, जिल्हाधिकारी कार्यालयाने वैवाहिक स्थितीचा दाखला सुरू करावा आणि तो चौकशीअंतीच द्यावा. ही चौकशी महसूल खात्याला नवी नाही. वारसाच्या दाखल्यासाठी गावपातळीवर पंचनामा होतो, जबाब घेतले जातात. तीच पद्धत इथे लावता येईल. अर्जदार ज्या ज्या ठिकाणी राहिला तिथल्या विवाह नोंदवह्या पाहाव्यात, पोलीस पाटील आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत, आणि कोणत्या नोंदी, कोणत्या वर्षांच्या, कोणत्या दिवशी पाहिल्या हे दाखल्यावर स्पष्ट लिहावे. नुसते 'अविवाहित आहे' एवढे लिहून भागणार नाही. काय तपासले हे लिहिले, तरच परदेशातला अधिकारी त्या कागदावर विश्वास ठेवील.

नोंदवही पाहून थांबू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो, त्याचे कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातल्या जवळपास निम्म्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. अशा लग्नांची नोंद कोणी करत नाही. सोळाव्या वर्षी जिचे लग्न लावून दिले, ती मुलगी नोंदवहीत अविवाहितच असते आणि तिचा नवराही. उद्या तो दुबईला जाऊन दुसरे लग्न करू लागला, तर कोरी नोंदवही त्याच्याच बाजूने साक्ष देईल. गावातला जबाब मात्र देणार नाही.

पण या चौकशीची दवंडी होऊ नये. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न करणाऱ्या सज्ञान मुला-मुलीच्या बाबतीत गावातली चौकशी हीच त्यांच्या जिवावर बेतू शकते. चौकशी करणाऱ्याने एवढेच विचारावे: या व्यक्तीचे पूर्वी लग्न झाले आहे का? कोणाशी लग्न ठरले आहे, आईवडिलांना मान्य आहे का, हे विचारण्याचा त्याला अधिकार नाही आणि होणाऱ्या जोडीदाराचे नाव चौकशीच्या कागदावर असण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष नेमण्याचे निर्देश दिले आहेत. अर्जदाराने धोका असल्याचे सांगितले, तर चौकशी त्या कक्षामार्फत व्हावी.

घटस्फोटित आणि विधवा-विधुरांची अडचण वेगळी आहे. विधवेला पतीचा मृत्युदाखला पुरतो. न्यायालयातून घटस्फोट घेतलेल्याला हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळते, पण हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अपिलाची ९० दिवसांची मुदत संपल्याखेरीज पुन्हा लग्न करता येत नाही. म्हणून अपील दाखल नसल्याचा स्वतंत्र कागद परदेशात मागितला जातो आणि तो कुठे मिळतो हे अनेक पक्षकारांना ठाऊक नसते. सर्वांत वाईट अवस्था फारकत घेतलेल्यांची. आपल्या भागात अनेक समाजांत बाँडवर सोडचिठ्ठी लिहून दोन्ही घरची माणसे सह्या करतात आणि संबंध संपला असे धरतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीप्राप्त घटस्फोट राखून ठेवला आहे, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. परदेशी अधिकाऱ्यापुढे तो बाँड चालत नाही. आमची मागणी आहे की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने अशा स्त्री-पुरुषांना न्यायालयातून वैवाहिक स्थितीची घोषणा मिळवून देण्यासाठी मोफत वकील द्यावा आणि ही सोय तालुक्याच्या गावी शिबिर घेऊन सांगावी. यात बहुसंख्येने स्त्रिया आहेत, ज्यांना पहिल्या लग्नाचा कागदही मिळाला नव्हता आणि सुटल्याचाही नाही.

आता हे कागद परदेशात चालण्यायोग्य करण्याविषयी. हेगच्या १९६१ च्या करारात भारत आला आणि २००५ पासून आपल्याकडे अपॉस्टिल, म्हणजे त्या करारातील देशांत चालणारे साक्षांकन, मिळू लागले. परराष्ट्र मंत्रालयाचे त्याचे शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. पण त्याआधी राज्याची पडताळणी लागते आणि त्यासाठी परभणीचा माणूस देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठतो. एखादा शिक्का कमी निघाला की परत. हा फेरा टाळण्यासाठी तो एजंटाला पैसे मोजतो. शिवाय कुठे काय चालते हे देशागणिक बदलते. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, म्हणून तिथे अपॉस्टिल नव्हे तर वकिलातीचे साक्षांकन लागते. सौदी अरेबियात २०२२ च्या अखेरपासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून अपॉस्टिल चालू लागले. जर्मनी करारात असूनही तिने भारताच्या सहभागाला आक्षेप घेतल्यामुळे भारतीय अपॉस्टिल तिथे उपयोगाचे नाही. एवढे बारकावे गंगाखेडच्या शेतकऱ्याने कुठून समजून घ्यायचे? केरळमध्ये नोर्का-रूट्स ही शासकीय संस्था तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम आणि कोझिकोड येथे प्रमाणपत्रांचे साक्षांकन करून देते. महाराष्ट्राने तसे केंद्र मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला सुरू करावे. ते होईपर्यंत परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कागद स्वीकारून ते शासकीय टपालाने मुंबईला पाठवण्याची आणि परत आणण्याची सोय व्हावी. ग्रामपंचायत आणि नगरपालिकांच्या नोंदी ई-सनद या ऑनलाइन साक्षांकन व्यवस्थेला जोडल्या, तर पडताळणीसाठी मूळ कागद घेऊन फिरण्याचीही गरज राहणार नाही. जिल्ह्याची विवाह-सूची याच कामात तयार होऊ शकते.

नावांचा घोळ मिटवणे जिल्ह्याच्या हातात आहे. ज्ञानेश्वर, लक्ष्मीबाई, विठ्ठल यांचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर एक, दहावीच्या सनदेवर दुसरे, विवाह नोंदीत तिसरे असते. जन्मनोंदीत तर अनेकांचे नावच नसते, फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी' असते. दाखल्यावर मराठीबरोबर पासपोर्टवरील इंग्रजी स्पेलिंग छापावे आणि तफावत असल्यास 'एकच व्यक्ती' असल्याचा दाखला त्याच खिडकीत मिळावा. निकाहनामा उर्दूत, नोंदणी मराठीत आणि दुबईला कागद हवा अरबीत, अशा कुटुंबांसाठी उर्दू व मराठीतून इंग्रजीत करणाऱ्या अधिकृत अनुवादकांची यादी आणि दर भाषा संचालनालयाकडून मागवून कार्यालयात लावावेत.

मुदतीबाबत आम्ही तडजोड करणार नाही. अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरलेला माणूस नियोजित वधू-वराच्या व्हिसावर तिथे पोचला की ९० दिवसांत लग्न व्हावे लागते. इंग्लंडमध्ये नोटीस दिल्यावर २८ दिवस थांबावे लागते आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत ते ७० दिवसांपर्यंत वाढू शकतात. आपल्या विशेष विवाह कायद्यातील नोटीसही तीन महिन्यांनी बाद होते. कागद उशिरा मिळाला तर लग्नच मोडते. म्हणून वैवाहिक स्थितीचा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा म्हणून जाहीर करावा आणि मुदत जास्तीत जास्त २१ दिवसांची ठेवावी. विनाकारण उशीर करणाऱ्यास या कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तो लागू झाला पाहिजे.

परदेशात लग्न करून परतलेल्यांसाठी एक स्वच्छ परिपत्रक हवे. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल, वराचे २१ आणि वधूचे १८ वर्षे पूर्ण असतील आणि दोघांपैकी एकजण नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस त्या भागात राहिलेला असेल, तर भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावता येते. स्थानिक कायद्याने झालेले लग्नही कलम १७ खाली तिथे नोंदवता येते. तरीही इथे परतल्यावर जोडप्यांना 'इथली नोंद आणा' असे सांगितले जाते. मग कोणी देवळात पुन्हा हार घालून नव्या तारखेची नोंद करून घेते. एकाच लग्नाच्या दोन देशांत दोन तारखा होतात आणि पुढे व्हिसाच्या वेळी तीच जोडपी खोटेपणाच्या संशयाखाली येतात. वैध परदेशी नोंद असल्यास इथे दुसरी नोंद मागू नये, असे लेखी आदेश नोंदणी महानिरीक्षकांनी द्यावेत.

शेवटची मागणी मुलींच्या वतीने आहे. परदेशी राहणारा मुलगा सुटीत येतो, आठवड्यात लग्न होते, तो परत जातो आणि मुलगी माहेरी थांबून राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच, नीरजा सराफ प्रकरणात, अशा विवाहांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची सूचना केली होती. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत आले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात सक्तीची नोंदणी आणि पासपोर्टवर विवाह नोंदीचा उल्लेख सुचवला. हा कायदा केंद्राने करावा, यासाठी आमच्या निवेदनाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांनी शिफारशीसह पुढे पाठवावी. तोपर्यंत जिल्ह्यात एवढे नक्की करता येईल: लग्न नोंदवताना वर परदेशी राहत असल्यास त्याच्या पासपोर्टचा व व्हिसाचा क्रमांक, परदेशातील पत्ता आणि नोकरीचे ठिकाण नोंदीत घ्यावे, आणि परदेशात जसा आपल्या मुलांकडून दाखला मागितला जातो, तसा त्याच्याकडूनही त्या देशातील वैवाहिक स्थितीचा कागद मागावा. वधूला राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाची आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलची माहिती देणारे मराठी व उर्दू पत्रक नोंदणीच्या वेळीच हातात द्यावे.

दाखल्याच्या नमुन्याचा मसुदा आणि देशवार लागणाऱ्या कागदांचा तक्ता आम्ही तयार करत आहोत. महसूल, नगरपालिका, जिल्हा परिषद, पोलीस आणि विधी सेवा प्राधिकरण यांच्या प्रतिनिधींसह एक बैठक आपण ३० दिवसांच्या आत बोलवावी. तालुकानिहाय आमचे सभासद आपापल्या अडचणींचे कागद घेऊन त्या बैठकीस हजर राहतील.

आपले विश्वासू,
संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने
अध्यक्ष व सचिव
परभणी