रुंद रस्ता, अरुंद नियोजन

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि १९१७ साली जयसिंगपूर नगरीची स्थापना केली. जयसिंगपुरात काटकोनात छेदणारे प्रशस्त रस्ते आधी आखले गेले. घरे आणि दुकाने त्यानंतर उभी राहिली. आज त्याच करवीर नगरीच्या वेशीवर नेमका उलटा क्रम दिसतो. आधी वस्ती, मग कोंडी आणि सर्वांत शेवटी रस्त्याचा विचार!

पुणे-बंगळुरू महामार्ग शहराच्या पूर्वेकडून, गजबजाटापासून दूर नेण्यात आला, तो लांब पल्ल्याची वाहने विनाअडथळा जावीत म्हणूनच. अटलजींच्या पंतप्रधानपदाच्या काळात आकाराला आलेल्या सुवर्ण चतुष्कोन योजनेत या मार्गाचे चौपदरीकरण झाले आणि देशाच्या दळणवळणाला नवी गती लाभली. परंतु रस्ता गावाबाहेर गेला, तसे गावही त्याच्या मागोमाग गेले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहती, गांधीनगरची कापडपेठ, उजळाईवाडीचा विमानतळ, उचगाव व सरनोबतवाडीतील वाढती वस्ती हे सारे याच एका रस्त्याच्या आधाराने वाढले. परिणामी दूरवर माल नेणारा ट्रक, पाळी संपवून परतणारा कामगार, हंगामातील उसाचे ट्रॅक्टर आणि अंबाबाईच्या दर्शनाला निघालेले भाविक तावडे हॉटेलच्या परिसरात एकाच वेळी समोरासमोर येतात. राष्ट्रीय महामार्गाला गल्लीतील रस्त्याचे काम करावे लागते. कोंडीचे मूळ येथे आहे.

सातारा ते कागल या टप्प्याचे सहापदरीकरण हाती घेण्यात आले, ही स्वागतार्हच गोष्ट होय. मात्र केवळ पदर वाढविल्याने प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. स्थानिक वाहतुकीला स्वतःचा मार्ग मिळाला नाही, तर नवे पदरही तीच वाहने व्यापतील. दोन्ही बाजूंना अखंड सेवारस्ते, गावोगावी सुरक्षित भुयारी मार्ग, अवजड वाहनांसाठी शहराबाहेर वाहनतळ आणि तालुक्यांना परस्परांशी जोडणारे बाह्यवळण रस्ते यांची जोड सहापदरीकरणाला मिळालीच पाहिजे.

यात पंचगंगेचा विसर पडता कामा नये. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, वाहतूक थांबली आणि वाहनांच्या रांगा लागल्या. पूरक्षेत्रात भराव टाकून उंच केलेला रस्ता वाहनांना वाट देईलही, पण तोच पाण्याची वाट अडवील. म्हणून अशा पट्ट्यात रस्ता खांबांवरूनच न्यायला हवा. त्यासाठी होणारा अधिकचा खर्च ही उधळपट्टी नव्हे. एका महापुरात होणारी हानी त्याहून महाग पडते.

मग हे नियोजन करायचे कोणी? महापालिका १९७२ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात हद्दवाढीचे प्रस्ताव आले, विरोध झाला आणि ते मागे पडले. त्यावर तोडगा म्हणून २०१७ साली ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. हद्दवाढीमुळे करांचा बोजा वाढेल आणि शेतजमिनी जातील, ही ग्रामस्थांची भीती अनाठायी म्हणून झटकून टाकता येणार नाही. पण नियोजनाविना होणाऱ्या वाढीतही शेतजमीन जातेच, शिवाय रस्ता मिळत नाही तो नाहीच. हद्द कोणाची हा वाद चालत राहील. रस्त्यांची जागा मात्र आजच आराखड्यावर निश्चित करून मोकळी राखली पाहिजे. उद्या तेथे इमारती उभ्या राहिल्या की पश्चात्तापाखेरीज काही हाती उरणार नाही.

शहरातील रस्ते विकास प्रकल्पाचा धडाही ताजा आहे. खासगीकरणातून रस्ते झाले, परंतु जनतेला विश्वासात न घेता लादलेल्या टोलविरुद्ध सारे शहर एकवटले आणि २०१५ च्या अखेरीस शासनाला टोल रद्द करण्याचा निर्णय घ्यावा लागला. कोल्हापूरकरांना रस्ते नको होते असे नाही. त्यांना हिशेब हवा होता. पुढील प्रत्येक योजनेचा खर्च, मार्ग आणि भूसंपादनाचा मोबदला आधी लोकांसमोर ठेवावा, म्हणजे विरोधाची धारही बोथट होईल.

अर्थात सारा भार शासनावर टाकून नागरिकांना मोकळे होता येणार नाही. उलट दिशेने दामटलेली दुचाकी, सेवारस्त्यावर थाटलेले दुकान, मागे परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली यांना कोणत्याही आराखड्यात उत्तर नसते. त्याचे उत्तर नागरी शिस्तीत आहे आणि ती घरापासूनच सुरू होते. कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेत आपलेही कोणी असू शकते, एवढे भान प्रत्येकाने ठेवले तरी पुष्कळ साधेल. शाहू महाराजांचा जयजयकार करणाऱ्या नगरीने त्यांची दूरदृष्टीही अंगी बाणवावी. तीच त्यांना खरी मानवंदना ठरेल.