सरहद्दीवरील शुक्र

लडाखमधील पँगाँग सरोवराच्या काठी, थाकुंगच्या परिसरात, 2012 च्या ऑगस्टपासून 2013 च्या फेब्रुवारीपर्यंत आपल्या फौजेच्या पहारेकऱ्यांनी रात्रीच्या आकाशात ज्या अज्ञात तेजस्वी वस्तू पाहिल्या, त्यांच्या 329 नोंदी लष्करी दप्तरात दाखल झाल्या, आणि त्यांपैकी 155 प्रसंगी त्या वस्तू प्रत्यक्ष नियंत्रणरेषा ओलांडून आत आल्या असा शेराही त्यांवर पडला. ही चीनने धाडलेली हेरगिरीची मानवरहित विमाने असावीत, असा तर्क त्या उंचीवर, त्या थंडीत आणि तशा शेजाऱ्यासमोर उभ्या असलेल्या शिपायाने केला असेल, तर त्यात अस्वाभाविक असे काहीच नव्हते. रडार लावून झाले, अन्य उपकरणांनीही शोध घेऊन झाला, आणि कोठेही धातूचा मागमूस लागेना, तेव्हा अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. 2013 च्या जुलैत वृत्तपत्रांतून निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की सायंकाळी सहाच्या सुमारास क्षितिजावर येणारी वस्तू हा गुरू, आणि पहाटे चारच्या सुमारास उगवणारी वस्तू हा शुक्र.

या वृत्तावर देशात आणि देशाबाहेर यथेच्छ हशा पिकला. तो हशा अस्थानी होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि जबलपूरपासून जवळच असलेल्या पनागरसारख्या गावातून ते मांडताना मला विशेष संकोच वाटत नाही, कारण खमरियाची आयुधनिर्माणी, गन कॅरेज फॅक्टरी आणि ग्रेनेडियर्स व जम्मू-काश्मीर रायफल्स यांची प्रशिक्षण केंद्रे ज्या मुलखात आहेत, तेथील माणसाला पहारा म्हणजे काय असते हे निराळे सांगावे लागत नाही. दिसले ते नोंदवावे, आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम अधिकारी माणसावर सोपवावे, हे पहारेकऱ्याचे कर्तव्य होय. लडाखच्या शिपायांनी ते चोख बजावले. गुरू आणि शुक्र यांची ओळख पटली ती एखाद्या मोठ्या दुर्बिणीमुळे तितकीशी नव्हे, जितकी त्या वस्तू ताऱ्यांच्या संदर्भात कोठे आणि केव्हा दिसतात याच्या टिपणांमुळे. तारे दररोज सुमारे चार मिनिटे अगोदर उगवतात, आणि ग्रह त्यांच्याच सोबतीने, किंचित मागेपुढे होत, वाटचाल करतात. हे वेळापत्रक महिनोन्‌महिने पाळणारे विमान कोणत्याही सेनापतीच्या ताफ्यात असणे शक्य नाही. त्या डिसेंबरात गुरू सूर्यासमोर आला होता, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी तो पूर्वेस उगवत होता. आणि त्या चौक्यांच्या पूर्वेस चीनच्या ताब्यातला तिबेट आहे. विरळ व कोरड्या हवेत ग्रहांचे तेज खुलून दिसते, ही त्यात आणखी भर.

मात्र या प्रकरणाचा आरंभीचा भाग विसरता कामा नये. 2012 च्या नोव्हेंबरातील वृत्तांत, हान्ले येथील वेधशाळेच्या तज्ज्ञांनी या वस्तू खगोलीय नसाव्यात असे सांगितल्याचे छापून आले होते. म्हणजे पहिली चौकशी एका दिशेने गेली, दुसरीने ती फिरविली. अज्ञाताच्या चौकशीत हे घडावयाचेच. आणि म्हणूनच 'अज्ञात' हा शेरा चौकशीतील एक मुक्काम मानला पाहिजे, त्याला निकालाचा मान देता कामा नये.

या धीराचा एक नमुना आमच्या जबलपुरातच आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी पुढे ख्यातनाम झालेला कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी विल्यम स्लीमन यास 1828 साली बडा सिमला टेकडीच्या परिसरात काही प्रचंड अस्थी सापडल्या. त्या कोणत्या प्राण्याच्या, हे सांगू शकेल असा मनुष्य त्या वेळी भूतलावर नव्हता; 'डायनोसॉर' ही संज्ञाच 1842 साली जन्मास आली. स्लीमनने त्या अस्थी राक्षसाच्या म्हणून मिरविल्या नाहीत, की निरुपयोगी म्हणून फेकून दिल्या नाहीत. त्या हातोहात कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपपर्यंत पोहोचल्या, आणि 1877 साली रिचर्ड लिडेकर याने त्यांच्या आधारे 'टायटॅनोसॉरस इंडिकस' या प्राण्याचे नामकरण केले. पुढे हरवल्या असे समजल्या गेलेल्या त्या अस्थींपैकी एक मणका भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे व त्यांचे सहकारी यांना कलकत्त्याच्याच संग्रहात 2012 साली पुन्हा गवसला. एका लष्करी अंमलदाराने अज्ञात वस्तू सांभाळून जाणत्यांच्या हवाली केली, म्हणून भारताच्या पहिल्या डायनोसॉरची ओळख आज आपल्यापाशी आहे.

अमेरिकेच्या हवाई दलाने 1952 पासून 1969 पर्यंत चालविलेल्या 'ब्लू बुक' प्रकल्पात 12,618 दर्शनांची छाननी झाली आणि 701 दर्शने अखेरपर्यंत अज्ञात राहिली. या 701 च्या आधारावर परग्रहवासीयांची वसाहत उभारणारे लोक तेथे पुष्कळ निघाले. परंतु मूळ दप्तर पुढे लोकांस पाहावयास खुले झाले, त्यामुळे त्यांचे दावे ताडून पाहण्याची सोयही झाली. आपल्याकडे उणीव आहे ती नेमकी या सोयीची. 19 नोव्हेंबर 2023 रोजी इंफाळच्या विमानतळावर अज्ञात वस्तू दिसल्याने उड्डाणे काही तास थांबली, शोधासाठी राफेल विमाने धाडण्यात आली, आणि हवाई दलाच्या पूर्व विभागाने ती लहान वस्तू नंतर दिसली नाही एवढा खुलासा केला. नागरिकाच्या हाती एवढेच पडले, तर उरलेली जागा अफवा भरून काढते. याउलट 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात आकाशातून धातूचे भले मोठे कडे पडले, तेव्हा ते पोलीस ठाण्यात आणून ठेवले गेले, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीस आले, आणि चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा हे मत लोकांपर्यंत पोहोचले. भयाला आणि भाकडकथेला फारसा वाव राहिला नाही.

लष्करी गुप्ततेचा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पुरुलियाच्या आकाशातून एका परकीय विमानाने शस्त्रास्त्रे खाली टाकली, हे स्मरणात ठेवणारा कोणीही आकाशातील प्रत्येक अनोळखी हालचालीस ग्रह म्हणून मोकळे सोडा, असे म्हणणार नाही. रडारची क्षमता, चौक्यांची ठिकाणे, विमानांची सज्जता ही अवश्य गुप्त राहावीत. परंतु ज्या वस्तूची शहानिशा पुरी झाली, तिचा निष्कर्ष दडवून कोणते गुपित राखले जाते, हे मला उमगत नाही. उलट, निष्कर्ष न कळल्याने आणि वर थट्टा झाल्याने पहारेकरी पुढच्या वेळी मौन धरील, आणि त्या मौनाच्या आडून खरेच एखादे हेर विमान निघून जाईल, हा धोका अधिक मोठा आहे.

तेव्हा संरक्षण मंत्रालयाने दोन गोष्टी कराव्यात. अज्ञात दर्शनाची नोंद ठराविक मुदतीत खगोलशास्त्रज्ञांकडे जाईल असा कायमचा शिरस्ता घालावा. आणि चौकशी संपली, की तिचा गोषवारा वर्षातून एकदा प्रसिद्ध करावा, ज्यात उकल न झालेल्या दर्शनांचा आकडाही निःसंकोच दिलेला असेल. त्याच्या जोडीला सरहद्दीवरील प्रत्येक चौकीत ग्रहांचे उदयास्त सांगणारे पंचांग ठेवावे. भारत सरकार स्वतःच राष्ट्रीय पंचांग काढते, ते मराठीसह अनेक भाषांत निघते, आणि शुक्र व गुरू यांच्या पुढील वर्षाच्या हालचाली त्यात आगाऊ छापलेल्या असतात. अन्य कोणत्याही घुसखोराच्या बाबतीत ही सवलत आपल्या फौजेस मिळणारी नाही.