ग्राइंडरआधी चष्मा

लक्ष्मणराव किर्लोस्कर रंगांधत्वामुळे चित्रकला सोडून यंत्रांकडे वळले आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. आमच्या अंजनगावातही हौशी तरुण घराच्या पडवीत लेथ, ग्राइंडर मांडतात. कौतुकच आहे! पण माझे स्पष्ट मत असे, की संरक्षक चष्म्याला पैसे नसतील तर ग्राइंडर घेऊच नये. लोखंडाचा तापलेला कण बुबुळात रुतला की काही तासांतच तिथे गंज धरतो. मग मित्रमंडळी रुमालाच्या टोकाने, नाहीतर चक्क काडीने तो उकरतात. जखम चिघळते, फूल पडते, नजर जाते. डोळा चोळू नका, थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. लेथवर मात्र हातमोजे, दुपट्टा, सैल बाही नको. फिरता जॉब कापडासकट हात ओढून घेतो.